टिचकीसरशी गळणारी झाडं: डायोरामातली पानगळ कशी ओळखायची, कशी थांबवायची

तक्रार नेहमीची आहे. डायोरामातलं, म्हणजे छोट्या मापात मांडलेल्या देखाव्यातलं, झाड बनवलं तेव्हा भरगच्च होतं, फोटोही झकास आले, आणि चार-सहा महिन्यांत बुंध्याभोवती हिरवा भुगा साचायला लागला. वरून पातळ फेविकॉल फवारला की दोन महिने निभतं, मग पुन्हा तेच. वरून फवारलेला फेविकॉल पानोळ्याला (म्हणजे काड्यांवर चिकटवलेल्या फोमच्या किंवा भुशाच्या पाल्याला) पानोळ्याशी चिकटवतो. पानोळा काडीशी जिथे सुटलाय तिथवर तो बहुतेक वेळा पोचतच नाही.

नाशिकच्या हवेत या दुखण्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत बनवलेलं झाड जुलैत ढिलं पडतं. गणपतीच्या देखाव्यासाठी ऑगस्टात घाईने उरकलेलं झाड एप्रिलमध्ये कडकडीत वाळतं आणि काड्या टाकतं. वनस्पतीची वाळलेली काडी मेली तरी पाणी ओढायचं सोडत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचा गोंदाचा थर त्याच मापाने फुगत-आकसत नाही, म्हणून दोघांमध्ये फट पडते. त्यामुळे पानगळीचा खरा इलाज पानं लावण्याआधी, काडी तयार करताना करायचा असतो.

आधी टिचकी

झाड बुंध्याला धरून पांढऱ्या कागदावर उभं धरा आणि खोडावर नखाने दहा टिचक्या मारा, सगळ्या एकाच जोराच्या. झाड बाजूला ठेवा, कागद उजेडात न्या आणि खाली काय पडलंय ते भिंगातून बघा.

पडलेला प्रत्येक कण सुटा आणि मऊ असेल, त्यावर गोंदाचा मागमूस नसेल, तर गोंद पानोळ्याच्या आत शिरलेलाच नाही. कणांचे गठ्ठे पडले असतील आणि त्यांची एक बाजू चकचकीत असेल, तर गोंद काडीवरून सुटलाय. नीट पाहिलं तर त्या चकचकीत बाजूला काडीच्या गोलाईची बारीक पन्हळ उमटलेली दिसते. पानोळ्यासकट काडीचे तुकडेच पडले असतील तर सांगाडा ठिसूळ आहे. आणि पिठासारखी फिकट तपकिरी भुकटी पडली असेल, काडीवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं असतील, तर आत किडा आहे.

चारांचे इलाज वेगळे आहेत. सगळ्यांवर एकच फवारा मारत राहणं, हीच ही तक्रार पुन्हा पुन्हा येण्यामागची मोठी चूक.

चकचकीत पापुद्रा दिसला तर

हा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो. काडीच्या पृष्ठभागावर काहीतरी आहे जे गोंदाला बसू देत नाही. ते काय, हे काडी कुठून आणली त्यावरून कळतं.

शेतातून उपटलेल्या झेंडूच्या, मिरचीच्या किंवा टोमॅटोच्या मुळ्या निष्पर्ण झाडासाठी उत्तम. दिवाळीनंतर झेंडूची रोपं बांधावर पडलेलीच असतात. पण मुळ्यांच्या बेचक्यांमध्ये काळ्या मातीचा थर बसलेला असतो. तो वरवर धुऊन जात नाही, वाळल्यावर पिठासारखा होतो, आणि गोंद त्या पिठाला चिकटतो. मुळ्या रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने बेचके घासा, मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घातलेल्या कोमट पाण्यातून काढा. धुतलेलं पाणी पांढऱ्या वाटीत घ्या. ते गढूळ असेल तोवर धुणं संपलेलं नाही.

दुसरा दोषी ग्लिसरीन. काड्या लवचीक राहाव्यात म्हणून त्या ग्लिसरीनच्या पाण्यात भिजवायची पद्धत चांगली आहे, पण ग्लिसरीन हवेतली ओल खेचतं. प्रमाण जास्त झालं की जुलैत काडीला अक्षरशः घाम फुटतो आणि फेविकॉल सुटतो. वाळलेल्या काडीवर टिश्यू पेपर दाबून पाहा. तेलकट डाग उमटला तर ती काडी अजून पानं लावायच्या लायकीची नाही. एकदा कोमट पाण्यातून काढून आठवडाभर सावलीत टांगा आणि पुन्हा तपासा.

तिसरं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: टाकणखार. कीड लागू नये म्हणून काड्या टाकणखाराच्या पाण्यात बुडवायचा सल्ला सर्रास दिला जातो. पण टाकणखार आणि पांढरा फेविकॉल एकत्र आले की फेविकॉल जागीच गोळा होतो, मुलं घरी स्लाइम बनवतात तसा. तो गोळा काडीच्या रंध्रांत शिरत नाही, वर नुसता बसून राहतो. वाळला की अख्खा पापुद्रा सुटतो. काड्या टाकणखारात बुडवल्याच असतील तर साध्या पाण्यातून दोनदा काढा. माझं मत विचाराल तर किडीसाठी फ्रीझर वापरावा (त्याची रीत पुढे येते) आणि टाकणखाराच्या वाटेला जाऊ नये.

चौथं कारण भुशाच्या पानोळ्यात असतं. सागाचा भुसा नैसर्गिकरीत्या तेलकट असतो, तो रंगही नीट घेत नाही आणि गोंदही. सुताराकडून भुसा आणताना आंब्याचा किंवा पॅकिंगच्या पाइनचा मागा.

काडी स्वच्छ झाली की तिला अस्तर द्या. ही पायरी गाळली जाते आणि सगळं तिथेच बिघडतं. ॲक्रिलिक मॅट मीडियम (रंग नसलेलं, न चमकणारं ॲक्रिलिक) १ भाग, पाणी ४ भाग, १०० मिलिलिटरला लिक्विडचे २ थेंब. उभ्या बरणीत हे मिश्रण घेऊन झाड शेंड्याकडून बुडवा, दहापर्यंत मोजा, बाहेर काढून झटका द्या आणि उलटं टांगा. उलटं यासाठी की ओल्या फांद्या स्वतःच्या वजनाने लोंबतात. उलट्या टांगल्या तर शेंड्याच्या दिशेने सरळ राहून वाळतात आणि झाड सुलटं केलं की फांद्या वर उचललेल्या दिसतात. २४ तासांनी हेच पुन्हा. दोन अस्तरांनंतर काडीभोवती न दिसणारी, पण लवचीक खोळ तयार होते. ओल आत-बाहेर होण्याचा वेग मंदावतो आणि पुढच्या गोंदाला धरायला जागा मिळते. अस्तर दिलेली काडी बोटाने हलकी वाकवून सोडली की परत येते, न दिलेली ‘कट्’ करून मोडते.

पानोळा चिकटवायला मात्र पातळ गोंद नको. न पातळ केलेला फेविकॉल ब्रशच्या टोकावर अगदी थोडा घेऊन काड्यांच्या शेवटच्या तिसऱ्या भागावरच लावा. बुंध्याजवळच्या जाड फांद्या रिकाम्या राहू द्या. खऱ्या झाडालाही आत, सावलीत पानं कमीच असतात.

काड्याच तुटत असतील तर

इथे प्रश्न सांगाड्याला योग्य वनस्पती शोधण्याचा आहे. बाहेरून येणारी तयार सीफोमची (बारीक फांद्यांच्या एका वाळवलेल्या वनस्पतीची) झाडं महाग पडतात आणि वाटेत मोडतात. नाशिककरांच्या हाताशी त्याहून चांगलं साहित्य पडलेलं असतं.

द्राक्षाच्या घडाचा देठ घ्या. मणी काढून टाकले की उरतं ते हुबेहूब झाड असतं: मधला दांडा, त्यातून निघालेल्या फांद्या, त्यांना उपफांद्या, आणि टोकाला मणी धरणारे बारीक देठ. पण सगळे घड सारखे नसतात. निर्यातीच्या द्राक्षांची विरळणी केलेली असते आणि जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढवणाऱ्या संजीवकाच्या) फवारणीने दांडा लांबवलेला असतो, त्यामुळे तो देठ लांबुळका, उघडाबोडका दिसतो. वाइनच्या द्राक्षांचे घड लहान आणि दाट, म्हणून त्यांचे देठ जास्त कामाचे. जानेवारी ते मार्चदरम्यान वायनरीत मणी वेगळे करणारं यंत्र देठांचा ढीग बाहेर टाकत असतं. विचारून टोपलीभर आणले तर वर्ष निघतं. यंत्रातून आलेल्यांपैकी बरेच मोडलेले असतात, पण मोडका देठही १:१६० ला, म्हणजे खऱ्याच्या एकशेसाठाव्या हिश्श्याच्या मापाला, चालतो.

भिंगाखाली देठाचं टोक बघा. प्रत्येक बारीक देठाच्या शेवटी एक चपटी टिकली असते आणि तिच्या मधोमध गराची चिमुकली वात चिकटलेली असते. त्या वातीत साखर आहे. मुंग्या तिथेच येतात, बुरशीही तिथूनच धरते. नेलकटरने टिकली छाटा. काम कंटाळवाणं आहे, एका देठाला दहा-पंधरा मिनिटं जातात, तरी टाळू नका. मग कोमट पाण्यात १५ मिनिटं, पाणी बदलून पुन्हा १५ मिनिटं. ओला असतानाच थर्माकोलवर टाचण्यांनी फांद्या हव्या तशा पसरून सावलीत ८ ते १० दिवस वाळवा. वाळताना देठ बराच आकसतो आणि मग वळत नाही. वाळल्यावर आकार द्यायला गेलात की मोडलाच. वाळला की वर सांगितलेलं अस्तर, दोन वेळा.

वाळलेली तुळस हे दुसरं सोनं. घरोघरी जुनी तुळस काढून नवी लावली जाते, ती घरच्यांना विचारून घ्यावी. लाकूड चिवट, साल भुरकट, रंगवायची फारशी गरज नाही. अडचण एकच: तुळशीच्या फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात. तशाच ठेवल्या तर झाड मेणबत्तीच्या स्टँडसारखं दिसतं. प्रत्येक जोडीतली एक फांदी कापा, एकदा डावी, एकदा उजवी, एकदा पुढची. मंजिऱ्यांचे शेंडे पूर्ण उडवा, त्यांच्या कप्प्यांच्या रांगा लांबूनही ओळखू येतात. मेंदीच्या कुंपणाच्या छाटणीलाही हाच नियम लावा.

खोड जाड हवं असेल तर द्राक्षवेलीची छाटणी बघा. एप्रिलच्या खरड छाटणीत बोटाएवढ्या काड्यांचे भारे निघतात. जुन्या ओलांड्याचा (वेलीच्या आडव्या, पक्क्या फांदीचा) तुकडा मिळाला तर त्याची उभी सुटणारी साल १:३५ ला जुन्या बाभळीची म्हणून तशीच खपते.

गाजरगवत मात्र वापरू नका. वाळल्यावर फांद्या सुरेख दिसतात, म्हणून मोह होतो, पण त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, दमेकऱ्यांना त्रास होतो, आणि झटकलं की बी पसरतं ते वेगळंच. तसंच अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीच्या उतारावरून मुळासकट काही उपटून आणू नये. अंजनेरीवर जगात इतरत्र न सापडणारी कंदीलपुष्पाची जात आहे. रानातली प्रत्येक वाळकी काडी ओळखू येतेच असं नाही. बांध, अंगण आणि बागेची छाटणी पुरेशी आहे.

ठिसूळपणा तरीही राहिला तर ग्लिसरीन १ भाग, गरम पाणी ४ भाग, त्यात काड्या पूर्ण बुडवून २४ तास. बऱ्याच ठिकाणी १ ला २ हे प्रमाण सांगितलेलं असतं. ते कोरड्या हवेला ठीक, नाशिकच्या पावसाळ्याला जास्त होतं. आठवडाभर वाळवून टिश्यूची चाचणी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तारेच्या झाडाची वेगळी दुखणी

तार फुगत नाही, मोडत नाही, कीड लागत नाही. मोठं, भार असलेलं झाड तारेचंच करावं. घरातल्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची लवचीक वायर सोलली की आत ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा मिळतात. १:८७ ला १० मीटरचा कडुनिंब साडेअकरा सेंटिमीटर होतो, त्याला २० सेंटिमीटर लांबीचा एक तुकडा बास. खालचे ३ सेंटिमीटर मुळांसाठी सोडा, पुढचे ३ सेंटिमीटर सगळ्या तारा एकत्र पिळा, मग १४, १२ आणि १० असे तीन भाग करा. प्रत्येक भाग थोडा पिळून पुन्हा फोडा, शेवटी एक-दोन तारा उरेपर्यंत. भाग समान करू नका. १२-१२-१२ केले की झाड त्रिशूळ होतं.

इथली तक्रार पानांपेक्षा सालीची असते. सालीला भेगा पडून तुकडे गळतात, याला तीन कारणं. थर जाड लागला: पाणी उडताना लेप आकसतो आणि तार आकसत नाही. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून जाड थर देऊ नका, तीन पातळ थर द्या. फांद्या नंतर वाकवल्या: आकार सालीआधी पक्का करा. आणि तार उघडी ठेवली: तारा सोल्डरने जोडल्या असतील आणि तांब्यावर फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावतात ते रसायन) राहिला तर पावसाळ्यात हिरवट डाग सालीतून वर येतात, बांधकामाची काळी तार असेल तर गंज येऊन साल आतून ढकलतो. सोल्डरनंतर कोमट पाण्याने ब्रश मारून धुवा, वाळवा, आणि धातूच्या प्रायमरचा एक हात द्या. गॅल्वनाइज्ड तारेवर रंग धरत नाही, ती आधी १० मिनिटं व्हिनेगरमध्ये ठेवून धुवा.

सालीचा लेप: फेविकॉल २ भाग, पाणी १ भाग, मैद्याच्या चाळणीतून गाळलेला भुसा ३ भाग, राखाडी ॲक्रिलिक अर्धा भाग. हो, राखाडी. चॉकलेटी खोड ही चित्रकलेच्या वहीतली सवय आहे. गंगापूर रोडवरच्या कुठल्याही कडुनिंबाजवळ उभं राहून बघा, करड्याकडेच झुकलेला रंग दिसेल. बाभूळ काळपट, कांडोळ तर जवळपास पांढरा.

सुटे कण पडत असतील तर

गोंद आत शिरला नाही. कोरड्या फोमवर पातळ फेविकॉलचा थेंब मोत्यासारखा बसून राहतो, कारण पाण्याचा ताण त्याला आत जाऊ देत नाही. आधी ओल, मग गोंद. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक फवाऱ्याने ३० सेंटिमीटरवरून मारा, रंग गडद होईपर्यंत. लगेच मॅट मीडियम १ ला पाणी ३ या प्रमाणातला फवारा. अल्कोहोल आणि फेविकॉल एकाच बाटलीत मिसळू नका, फेविकॉल फाटतो आणि नोझल बंद पडतं.

हेअरस्प्रे तात्पुरत्या पकडीसाठी ठीक आहे. तो शेवटचा थर समजू नका, दमट हवेत तो पुन्हा चिकट होतो आणि धूळ धरतो.

फोम घरी करत असाल तर सोफा शिवणाऱ्याकडून कातरण आणा. जुन्या मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून दळा (ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको), पिळा, १ भाग ॲक्रिलिक आणि २ भाग पाणी यात मुरवा, पुन्हा पिळून वर्तमानपत्रावर वाळवा. मग आधी चहाची गाळणी, नंतर रव्याची चाळण, नंतर मैद्याची. मैद्याच्या चाळणीतून खाली पडलेली धूळ फेकून द्या. तीच सर्वांत आधी गळते आणि झाडाला पीठ लावल्यासारखं करते. पोस्टर कलर आणि खायचे रंग उन्हात विटतात. पांढरा फोमही उजेडात पिवळा पडून काही वर्षांत चुरतो, म्हणून खिडकीसमोरची जागा टाळा.

पांढुरकी झाक

पावसाळ्यात मॅट वार्निशचा कॅन मारला आणि झाडावर दव पडल्यासारखी झाक आली, तर वार्निश खराब नाही. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि थरात अडकते. पाऊस पडत असताना कॅन उचलूच नका. उघडीप पडली की दुपारी मारा. आलेली झाक घालवायला ग्लॉस ॲक्रिलिक वार्निश पाण्यात निम्मं करून हलका फवारा द्या, वाळू द्या, मग कोरड्या दिवशी मॅट. फेविक्विकजवळ आलेली पांढरी वाफ मात्र अशी जात नाही, ती रंगानेच झाकावी लागते.

भुकटी आणि बुरशी

भोकं दिसली की झाड लगेच वेगळं काढा. झिप बॅगेत घालून हवा दाबून काढा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर बॅग २४ तास उघडू नका, नाहीतर गार झाडावर पाणी सुटेल. नव्याने आणलेल्या काड्यांनाही कामाला घेण्याआधी हेच करावं.

बुरशीचं मूळ बहुधा झाडात नसतं. वापरलेली चहापत्ती नीट न वाळवता जमिनीला टाकलेली असते, किंवा पातळ केलेला फेविकॉल महिनाभर बाटलीत राहून नासलेला असतो. मिश्रण चार दिवसांत संपवा. आणि तळाचं प्लास्टर. वरून कोरडं वाटतं, आत ओल असते, आणि त्यावर काचेची पेटी बसली की आतल्या आत वाफ धरते. बेस रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. सलग तीन दिवस वजन तेच आलं तर तो वाळला. २ सेंटिमीटरच्या थराला हिवाळ्यातही आठ-दहा दिवस लागतात. बुरशी आलीच तर अल्कोहोल फवारून वाळवा आणि मऊ ब्रशने घराबाहेर झटका.

झाड गळत नाही, पण फुलकोबीसारखं दिसतं

दोन गोष्टी तपासा: पानाचं माप आणि आभाळ.

आंब्याचं पान २० सेंटिमीटरचं धरलं तर १:३५ ला ते जवळपास ६ मिलिमीटर, १:८७ ला सव्वादोन. सागाचं ३५ सेंटिमीटरचं पान १:३५ ला चक्क १ सेंटिमीटर. याउलट बाभळीची पर्णिका ५ मिलिमीटरची, १:३५ लाही ती डोळ्याला वेगळी दिसणार नाही. म्हणजे एकाच देखाव्यात आंब्याला कापलेली पानं, कडुनिंबाला रव्याच्या चाळणीचा फोम आणि बाभळीला सर्वांत बारीक टर्फ (तयार मिळणारा रंगीत फोमचा चुरा) असं लागतं. देवळालीच्या तोफखान्याचा देखावा १:३५ ला करणाऱ्यांकडून सगळ्या झाडांना एकच टर्फ लागतं आणि सगळी झाडं एकाच जातीची होतात.

आभाळ म्हणजे झाडाच्या आरपार दिसणारा उजेड. झाड खिडकीसमोर धरा. बाभळीतून निम्म्याच्या जवळपास उजेड यायला हवा, कडुनिंबातून तुकड्यातुकड्याने, आंब्यातून जेमतेम. जास्त भरलं असेल तर चिमट्याने खालच्या बाजूचे झुपके काढा, वरचे ठेवा. फांद्यांचे थर वेगळे दिसले की फुलकोबी मोडते. पानोळा धरायला उशीतला पॉलिएस्टर कापूस वापरत असाल तर तो गडद हिरव्या स्प्रेने रंगवून घ्या आणि आरपार दिसेपर्यंत ओढा. गोटीएवढ्या कापसातून मुठीएवढं जाळं निघतं.

वडाची बाब निराळी. पंचवटीतल्या देखाव्यासाठी वड करायचा तर उंचीपेक्षा घेर मोठा ठेवा. पारंब्या सुतळीच्या सुट्या तंतूंच्या करा: तंतू ओला करून ताणा, निम्म्या पाण्याच्या फेविकॉलमधून ओढा आणि खाली पिनेचं वजन बांधून वाळवा. वाळलेली पारंबी सरळ उभी राहते. जमिनीला टेकलेल्या दोन-तीन पारंब्या ०.३ च्या तारा पिळून जाड करा, त्यांनी फांदीचा भारही पेलतो.

झुकणारं झाड

झाड नुसत्या फेविकॉलवर किंवा ग्लू गनच्या ठिपक्यावर उभं असेल तर ते एप्रिलमध्ये झुकणारच. चाळिशीच्या तापमानात फेविकॉलचा थर मऊ पडतो, बंद काचपेटीत तर त्याहून जास्त तापतं, आणि उन्हात उभ्या गाडीत ग्लू गनचा गोंदही दगा देतो. बुंध्यात १ मिलिमीटरच्या ड्रिलने १२ ते १५ मिलिमीटर खोल भोक पाडा, पितळी पिन किंवा सरळ केलेली पेपर क्लिप दोन भागांच्या इपॉक्सीने बसवा, आणि तितकीच पिन बेसमध्ये जाऊ द्या. तारेच्या झाडाला मुळांच्याच तारा पुरतात.

मांडलेल्या देखाव्यातली दुरुस्ती

झाड उपटायची गरज नसते. आधी बेसवर प्लास्टिक पसरून झाडापुरतं भोक ठेवा. मऊ ब्रशने आणि फुंकणीने सुटं असेल तेवढं सगळं खाली पाडा. दया दाखवू नका, अर्धवट सुटलेला झुपका ठेवला तर नवा थरही त्याच्याबरोबर जातो. उघड्या पडलेल्या काड्यांवर मॅट मीडियम १ ला ४ बारीक ब्रशने फिरवा. एक दिवस थांबा. मग टोकांना न पातळ केलेला फेविकॉल, वरून चाळलेला फोम किंवा टर्फ, बोटाने हलकं दाबून. चार तासांनी अल्कोहोल आणि त्यामागोमाग १ ला ३ चा फवारा. पावसाळा असेल तर ४८ तास पंख्याखाली, पण पंखा थेट झाडावर नको. काचपेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी हिरवे झाले, की बदला. काच बसवण्याआधी झाडाखाली पांढऱ्या कागदाची पट्टी सरकवा आणि तीन टिचक्या मारून पट्टी पुन्हा भिंगाखाली बघा.